सिकलसेलसाठी थंड पाण्यातलं लांब पोहणं: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हिवाळी अधिवेशनाची गडबड सुरू झाली, पहाटे तोंडातून वाफ निघायला लागली की आमच्या जलतरण तलावावर नवे चेहरे दिसू लागतात. कोणीतरी सांगितलेलं असतं की इथली काही माणसं सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांसाठी पैसे उभे करायला इंग्लिश खाडीत पोहतात. मग काठावर उभ्या उभ्याच प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मी या चमूत पोहते आणि नव्यांना तयारही करते. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची सविस्तर लिहून ठेवते आहे.

हे आव्हान नेमकं काय असतं?

सहा जणांनी मिळून इंग्लिश खाडी पाळीपाळीने, म्हणजे रिलेने, पोहून पार करायची. इंग्लंडमधल्या डोव्हरपासून फ्रान्सच्या काप ग्री-ने या टोकापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ३३ किलोमीटर भरतं. पण सरळ रेषेत कोणीच पोहत नाही. भरती एका बाजूला ओढते, ओहोटी दुसऱ्या बाजूला, आणि नकाशावर वाट काढून पाहिली तर नागमोडी दिसते. प्रत्येकाने एक तास पोहायचं, मग पुढच्याने उतरायचं. क्रम आधी ठरतो आणि शेवटपर्यंत तोच राहतो. एकाचीही पाळी चुकली तर सगळ्या संघाची मोहीम तिथेच थांबते. साधारण प्रत्येकाला दोन ते तीन पाळ्या येतात, आणि त्यातली एखादी रात्री येऊ शकते.

वेटसूट चालत नाही. साधा पोहण्याचा पोशाख, एक टोपी, गॉगल आणि अंगाला ग्रीस, एवढंच. पोहताना बोटीला धरलं की बाद. १८७५ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब २१ तास ४५ मिनिटं पोहून ही खाडी ओलांडून गेले, तेव्हापासून नियमांचा गाभा तसाच राहिला आहे. म्हणून हे पोहणं मला आवडतं. तिथे पैशाने विकत घेता येईल असं फार थोडं आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहून हे जमतं?

जमतं. पुण्यालाही समुद्र नाही, तरी पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. आपल्याच शहरात राहणाऱ्या कांचनमाला पांडे यांना दृष्टी नाही. २०१७ साली मेक्सिकोत झालेल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. मिहिर सेन यांनी १९५८ मध्ये आणि आरती साहा यांनी १९५९ मध्ये खाडी पार केली, तेव्हा आजच्यासारखं हवामानाचं भाकीत हाताशी नव्हतं.

नागपूरची अडचण समुद्राची नाही. दम, तंत्र, सातत्य हे सगळं चार भिंतींच्या तलावात घडवता येतं. अडचण ऋतूची आहे. खाडीचा हंगाम जून ते सप्टेंबर. त्याच्या आधीचे तीन महिने, जेव्हा अंगाला सगळ्यात जास्त थंडी हवी असते, तेव्हा आपण नवतपात भाजून निघत असतो. इथली सगळी आखणी या एका गोष्टीभोवती फिरते.

सिकलसेलच का?

विदर्भात, विशेषतः नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हा आजार घराघरात आहे. आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडं पिळून निघावीत अशा वेदना होतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तपासण्या वाढल्या. पण तपासणीनंतर औषधं, रक्त, गावाहून नागपूरला येण्याजाण्याचं भाडं, आईची बुडालेली मजुरी, हे खर्च उरतातच. आमची देणगी बहुतेक या शेवटच्या दोन गोष्टींवर जाते.

आणखी एक कारण आहे. या वेदनेची लाट उठवणाऱ्या गोष्टींत थंडी आहे. शरीरातलं पाणी कमी होणं, अतिश्रम आणि थंडी. एका मुलीची आई मला म्हणाली होती, ‘ताई, माझी पोरगी डिसेंबरात थंड पाण्यानं हातही धूत नाही.’ ती मुलगी ज्या पाण्यात बोट बुडवू शकत नाही, त्यात आम्ही तासभर राहतो. तेव्हापासून थंडीची तक्रार करायला माझी जीभ वळत नाही.

मला पोहता किती यायला हवं?

पंचवीस मीटरच्या तलावात न थांबता दोन किलोमीटर फ्रीस्टाइल, म्हणजे ऐंशी लांब्या, आणि बाहेर आल्यावर बोलता येईल इतका श्वास शिल्लक. वेळ किती लागला हे पहिल्या महिन्यात मी विचारतही नाही. पुढे तासाला अडीच किलोमीटरच्या आसपास गती यावी लागते. दोन्ही बाजूंनी श्वास घेता यायला हवा, कारण लाट आणि बोट कोणत्या बाजूला असेल ते आपण ठरवत नाही.

भिंतीला ढकलून मिळणारी विश्रांती फसवी असते. तलावात आपण दर पंचवीस मीटरला थोडं फुकट सरकतो. म्हणून दर रविवारी मी नव्यांना भिंतीच्या दोन मीटर अलीकडूनच वळायला लावते. पहिल्यांदा सगळे वैतागतात.

थंड पाणी म्हणजे किती थंड?

जूनच्या शेवटी खाडीचं पाणी साधारण १४ ते १५ अंश, ऑगस्टच्या अखेरीस १७ ते १८ अंश सेल्सिअस. आकडा वाचून लोक म्हणतात, आमचा एसी तर अठरावर असतो. पण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. अठरा अंशांच्या खोलीत चादर लागते. अठरा अंशांच्या पाण्यात तासाभरात बोटं ऐकेनाशी होतात.

आपल्याकडे बिनछपराच्या जलतरण तलावात जानेवारीच्या पहाटे माझ्या थर्मामीटरवर अठरा-एकोणीस दिसतात, मेमध्ये बत्तीस. नागपूरचा पारा २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांवर उतरला होता, पण हवा एका रात्रीत गार होते, पाणी नाही. म्हणून हवेचा आकडा सांगू नका. दोरीला बांधलेला साधा थर्मामीटर पाण्यात दोन मिनिटं धरा आणि मग बोला.

उतरल्यावर शरीरात काय होतं? भीती वाटते.

वाटायलाच हवी, आणि ती नेमकी कशाची ते समजून घ्यायला हवं.

पहिला तडाखा श्वासाचा. थंड पाणी कातडीला लागताच नकळत मोठा श्वास ओढला जातो, मग धाप लागते, छातीत धडधडतं, रक्तदाब चढतो. हे पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळ्यात जोरात असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. थंड पाण्यात बुडणारी पुष्कळ माणसं गारठून मरतच नाहीत, या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन मरतात. म्हणून सूर मारायचा नाही. पायऱ्यांनी उतरायचं, चेहऱ्यावर आणि मानेवर पाणी मारायचं, आणि लांब श्वास सोडत राहायचं. श्वास आत कसा घ्यायचा ते शरीराला माहीत असतं. सोडायची आठवण आपण द्यायची. धाप थांबेपर्यंत एकही हात मारायचा नाही.

पुढचा टप्पा हातापायांचा. दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत स्नायू आणि नसा थंड होतात. आमच्यात त्याला ‘पंजा’ म्हणतात. करंगळी आपोआप बाजूला पडते, बोटं जुळत नाहीत, पाणी बोटांतून निसटतं. पाण्याखाली स्वतःच्या हाताकडे पाहिलं तर तो दुसऱ्याचा वाटतो.

त्यानंतर गाभ्याचं तापमान घसरू लागतं. ते ३५ अंशांच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. यातली वाईट गोष्ट अशी की ज्याला होतं त्याला कळत नाही. त्याला बरं वाटत असतं. म्हणून काठावरच्या माणसाने हातांची गती मोजायची. मिनिटाला साठ हात मारणारा माणूस पन्नासवर आला, पाय खाली जाऊन अंग तिरकं झालं, साध्या प्रश्नाला उत्तर उशिरा आलं, की बाहेर काढायचं. त्याची संमती विचारायची नाही.

दिलासा देणारी गोष्टही आहे. पहिल्या टप्प्याची शरीराला सवय होते. पाच-सहा वेळा काही मिनिटं थंड पाण्यात उतरलं की धाप निम्म्यावर येते, आणि ही सवय पुढे काही महिने टिकते. जानेवारीत केलेली मेहनत जुलैत कामी येते ती यामुळे. नागपूरकरासाठी याहून चांगली बातमी नाही.

उन्हाळ्यात थंडी आणायची कुठून?

अंग बुडवून बसता येईल असा ड्रम आणि बर्फाची लादी. हिशेब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी १५ अंशांवर येईपर्यंत सुमारे ९५ किलोकॅलरी उष्णता खातं. दीडशे लिटर पाणी एका अंशाने उतरवायला दीडशे किलोकॅलरी लागतात. म्हणजे:

जानेवारीत नळाचं पाणी २० अंश असेल तर १५ वर आणायला आठ किलो बर्फ. मार्चमध्ये २६ अंश असेल तर साडेसतरा किलो. आणि मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतून ३५ अंशांचं पाणी आलं तर जवळजवळ बत्तीस किलो. प्रत्यक्षात थोडा जास्तच लागतो, कारण ड्रम आणि हवा आपला वाटा घेतात. म्हणून मेमध्ये पाणी रात्रीच भरून ठेवा, ड्रमवर ओलं गोणपाट गुंडाळा आणि पहाटे बर्फ टाका. कूलरच्या गावातल्या माणसाला हे सांगावं लागू नये, पण पहिल्या उन्हाळ्यात मी स्वतः भर दुपारी ड्रम भरून लादीमागून लादी वितळवली आहे.

सुरुवात वीस अंशांवर, दोन मिनिटं. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवत पंधरा अंशांवर दहा मिनिटांपर्यंत. त्यापुढे ड्रममध्ये बसण्यात अर्थ नाही. ड्रम फक्त श्वास शिकवतो. हात मारत असताना थंडी कशी वागते ते तो शिकवू शकत नाही, आणि ड्रममध्ये बसणारा पोहणारा होत नाही. बर्फाचा तुकडा थेट अंगाला लावू नका. आणि घरात दुसरं कोणी जागं असल्याशिवाय ड्रममध्ये उतरू नका. दार आतून लावायचं नाही. हा नियम मोडणाऱ्याला मी चमूतून काढते. दोनदा काढलं आहे.

वर्षाचं वेळापत्रक कसं असतं?

पोळ्याच्या सुमारास सुरुवात होते. दिवाळीपर्यंत फक्त तंत्र आणि दम, आठवड्याला आठ ते दहा किलोमीटर. दिवाळीनंतर पहाटेची वेळ पकडायची आणि ती सोडायची नाही. पाणी आठवड्याला अर्धा-एक अंश उतरतं, शरीर त्याच्याबरोबर उतरत जातं. हा क्रम फार मोलाचा आहे. ऑक्टोबरपासून न चुकता येणाऱ्याला जानेवारीची पहाट विशेष वाटत नाही. जानेवारीत पहिल्यांदा येणाऱ्याला ती सहन होत नाही. काही तलाव हिवाळ्यात बंद असतात, तेव्हा आपला तलाव चालू राहणार का ते आधी विचारून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत तासाभराचं सलग पोहणं. फेब्रुवारीत एकाच दिवशी दीड-दीड तासाच्या दोन पाळ्या, मध्ये एक तास विश्रांती, तीही ओल्या अंगाने नाही तर कपडे घालून, पुन्हा ओल्या पोशाखात शिरून. तो ओला पोशाख पुन्हा चढवणं हा रिलेतला सगळ्यात नकोसा क्षण असतो. मार्च ते जून लांब अंतरं आणि ड्रम. जुलैत डोव्हरला जाऊन बंदरात दोन-तीन आठवडे सराव. तिथे पात्रतेचं पोहणं १६ अंश किंवा त्याहून थंड पाण्यात करून दाखवावं लागतं. एकट्याने खाडी पार करणाऱ्याला ते सहा तासांचं असतं, रिलेवाल्यांना बरंच कमी.

अंबाझरी, फुटाळा किंवा झिलपीत सराव का करत नाही?

सगळे विचारतात. शहरातल्या तलावांत सांडपाणी येतं, जलपर्णी पायाला गुंडाळते, तळाशी काय आहे दिसत नाही आणि काठावर जीवरक्षक नसतो. गोरेवाडा पिण्याच्या पाण्याचा आहे, तिथे विचारही करायचा नाही. शहराबाहेरच्या तलावांवर सहलीला गेलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. उत्तम पोहणारी माणसंही त्यात असतात. परवानगी, बोट आणि ओळखीचा काठ असल्याशिवाय आमच्यापैकी कोणी उघड्या पाण्यात उतरत नाही.

मग समुद्राची सवय कधी होते?

वर्षातून दोनदा. डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावर समुद्री जलतरण स्पर्धा होते, तिथे आम्ही जातो. एकदा मुंबईला, बोट घेऊन. पाणी कोमट असतं, पण खारं असतं. खाऱ्या पाण्यात दोन तासांनी जीभ सुजल्यासारखी होते, काखेत आणि मानेला पोशाख घासून कातडी सोलते, त्यामुळे व्हॅसलीन कुठे लावायचं ते कळतं.

खरी सवय बोटीची करायची असते. रिलेत पाच तास बोटीवर बसायचं आणि एक तास पोहायचं. डिझेलचा वास, डोलणारी बोट, ओले कपडे. आपल्यापैकी बहुतेकांची बोटीची ओळख फुटाळ्याच्या फेरीपुरती असते. पहिल्या मोहिमेत आमच्या सहापैकी चौघांना उलट्या झाल्या. पाण्यात उतरल्यावरच बरं वाटायचं. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून आधी सरावात घेऊन पाहा, कारण काहींना तिने झोप येते.

तिथे एक शब्द सारखा कानावर पडेल: नीप टाइड. आपल्या कोकणात त्याला भांगाची भरती म्हणतात. अष्टमीच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक कमी असतो, ओढ कमी असते. बोटवाले बहुतेक याच दिवसांच्या तारखा देतात. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळतात. पंचांग घेऊन गेलेल्या आमच्या एका काकांनी बोटवाल्याच्या आधी तारखेचा अंदाज सांगितला होता.

वजन वाढवावं लागतं का?

एकट्याने पार करणारे वाढवतात. अंगावर थोडी चरबी असणं थंड पाण्यात उपयोगाचं आहे. तासाच्या पाळीसाठी ओढूनताणून वाढवायची गरज नाही. उलट हे वर्ष वजन उतरवण्याचं मात्र नव्हे. लग्नासाठी बारीक व्हायचं असेल तर पुढच्या वर्षी या.

खायचं काय?

रोज जे खाता ते, भरपूर. सराव संपल्यावर तर्री-पोह्यांवर सगळे जातो, पण सरावाआधी तर्री नको. पोटावर पालथं पोहताना तिखट वर येतं. आधी केळं, गूळ-पोळी किंवा डिंकाचा लाडू. बोटीवर मी कोमट भाताची पेज थर्मासमध्ये नेते, मीठ आणि थोडं तूप घालून. पाश्चात्त्य पोहणारे साखरेची पावडर कोमट पाण्यात घेतात, तीही चालते. संत्री घरी येऊन खा. खाऱ्या पाण्याने सोललेल्या तोंडाला संत्र्याची फोड झोंबते, हे मी पहिल्याच मोहिमेत शिकले. पिशवीभर संत्री प्रेमाने नेली होती, ती बोटवाल्याने खाल्ली.

दारू थंडी पळवत नाही. कातडीकडे रक्त धावतं, ऊब वाटते आणि गाभा आणखी गार होतो. आदल्या रात्रीही नको.

कोणी येऊ नये?

हृदयाचा आजार, न आटोक्यातला रक्तदाब, फिट येणं, थंडीने बोटं पांढरीफटक होण्याचा त्रास, तीव्र दमा असलेल्यांनी डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय थंड पाण्यात उतरू नये. चाळिशीनंतर ईसीजी आणि इको आम्ही सगळ्यांकडून करून घेतो. बायकांनी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहावं. दहाच्या खाली हिमोग्लोबिन घेऊन आपण घर चालवतो, खाडी चालत नाही.

सिकलसेलची तपासणी इथे सक्तीची आहे. आपल्या भागात वाहक असणं, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेलं असणं, सामान्य आहे आणि वाहकाला बहुधा आयुष्यभर काहीच त्रास होत नसल्याने त्याला माहीतही नसतं. पण अतिश्रम आणि पाणी कमी पडणं हे वाहकालाही क्वचित धोक्यात आणू शकतं. सोल्युबिलिटी ही प्राथमिक रक्तचाचणी करा, ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस ही खात्रीची चाचणी, आणि मग रक्तरोगतज्ज्ञांशी बोला. आजार असलेल्यांनी थंड पाण्यात उतरायचं नाही. आमच्या चमूतला एक मुलगा तपासणीत वाहक निघाला. तो आता बोटीवर वेळ आणि हातांची गती मोजतो. ते काम त्याच्याइतकं चोख कोणी करत नाही.

पोहताना खोकला सुटला, छातीत खरखर वाटली, तोंडात फेस किंवा गुलाबी थुंकी आली तर ताबडतोब बाहेर आणि दवाखान्यात. थंड पाण्यात फुप्फुसांत पाणी भरू शकतं. ‘पाणी गेलं असेल नाकात’ म्हणून दुर्लक्ष करू नका.

बाहेर आल्यावर थरथर वाढते. काही चुकतं आहे का?

नाही, पण हीच वेळ जपण्याची. पाण्यातून निघाल्यावरही दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत आतलं तापमान उतरत राहतं. गार झालेल्या हातापायांतलं रक्त गाभ्याकडे येतं, बाहेरचा गारवा आत झिरपतो. म्हणून बाहेर येताच ‘मी ठीक आहे’ म्हणणारा माणूस पाच मिनिटांनी कप धरू शकत नाही.

ओला पोशाख आधी उतरवा, लाज बाजूला ठेवा, मोठा टॉवेल गुंडाळा. अंग पुसा, चोळू नका. मग वरच्या अंगाला कपडे, टोपी, मोजे, दोन थर. आलं घातलेला गोड चहा घोट-घोट, तोही कोणीतरी कप धरून. गरम पाण्याची अंघोळ लगेच करू नका. चक्कर येऊन पडायला होतं. गाडी चालवायची नाही, स्कूटीसुद्धा नाही, थरथर पूर्ण थांबून अर्धा तास होईपर्यंत. मागच्या थंडीत एक जण ‘मी जवळच राहतो’ म्हणून निघाला आणि चौकातल्या दुभाजकावर चढला. सुदैवाने कोपर खरचटण्यावर निभावलं.

देणगी कशी गोळा करायची?

इथे मी ऐकून घेणार नाही. देणगी पाण्यात उतरण्यासाठी मागायची, पार करण्यासाठी नाही. ‘पूर्ण केलंस तर दहा हजार’, ‘तासाला हजार’ अशी वचनं आम्ही घेत नाही.

कारण सांगते. पहिल्या वर्षी मी अशी वचनं घेतली होती. डोव्हरच्या बंदरात पात्रतेच्या पोहण्यात, पाणी साडेचौदा अंश, सव्वा तास झाला होता. माझे हात मंदावले हे काठावरच्यांना दिसत होतं. त्यांनी बाहेर यायला सांगितलं. मी मान हलवली आणि पोहत राहिले. डोक्यात एकच हिशेब चालला होता: आणखी पंधरा मिनिटं, म्हणजे इतक्या मुलांचं वर्षाचं भाडं. मैत्रिणीने ओरडून विचारलं, ‘घरचा पिनकोड सांग!’ मी म्हटलं चारशे चाळीस, शून्य, आणि पुढे काहीच येईना. बावीस वर्षं ज्या घरी पत्रं आली त्या घराचा पिनकोड. दोघांनी मला ओढून बाहेर काढलं. पुढची चाळीस मिनिटं मला आठवत नाहीत. त्या वर्षी आमचा संघ उतरलाच नाही.

ज्यांनी वचनं दिली होती त्यांचा काही दोष नव्हता. पण त्या आकड्याने मला पाण्यात धरून ठेवलं. एका आजारी मुलाच्या नावाने दुसऱ्या घरात शोक व्हावा, हे कोणत्याही आईबापाला नको आहे. म्हणून आता पावती सराव सुरू होतानाच फाटते. आम्ही उतरलो नाही, वारा उठला, अर्ध्यातून परतलो, तरी पैसे रुग्णांकडे गेलेले असतात.

बाकीचं थोडक्यात. पैसे थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात, आपल्या खात्यात एक रुपयाही नाही. प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल लोक विचारतात. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीतही ती नाही, तेव्हा खोटी आशा दाखवू नका. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांचे पैसे घ्यायचे तर संस्थेकडे त्याची वेगळी परवानगी लागते. हिशेब दर वर्षी १९ जूनला, जागतिक सिकलसेल दिनी, सगळ्यांसमोर ठेवतो.

मोहिमेचा खर्च देणगीतून होतो का?

नाही. बोटीचंच भाडं तीन हजार पौंडांच्या वर जातं, ते सहा जणांत वाटून घेतो. विमान, राहणं ज्याचं त्याने. प्रायोजक मिळाला तर त्याला आधीच स्पष्ट सांगतो की हे पैसे बोटीचे, ते रुग्णांचे. बोट दोन-तीन वर्षं आधी ठरवावी लागते. व्हिसाला वेळ ठेवा.

पाळीच्या दिवसांत पोहता येतं?

येतं. टॅम्पॉन किंवा कप वापरा. त्या दिवसांत काहींना थंडी जास्त लागते. तसं वाटलं तर वेळ कमी करा आणि मला सांगा. यात लपवण्यासारखं काही नाही.

घरचे नाही म्हणतात. काय करू?

त्यांना एका रविवारी घेऊन या. समजावत बसू नका. काठावर बसवा, हातात घड्याळ द्या, मुलीचे हात मिनिटाला किती पडतात ते मोजायला सांगा. माझ्या सासूबाई सुरुवातीला तोंड फिरवून बसायच्या. तिसऱ्या रविवारी त्यांनीच ओरडून मला बाहेर बोलावलं, ‘अगं, बावन्नवर आलीस!’ आणि त्यांचं बरोबर होतं.

पहिल्या रविवारी येताना काय आणू?

पहाटे पावणेसहाला तलावाच्या फाटकाशी. दोन मोठे टॉवेल, लोकरीची टोपी, मोजे, पुढून उघडणारा स्वेटर, कारण गारठलेल्या हातांनी डोक्यातून काही घालता येत नाही. बटणांऐवजी चेन असलेला बघा. थर्मासमध्ये गोड चहा. रक्ततपासणीचे कागद. आणि तुम्हाला घरी सोडायला एक माणूस. तो पोहणारा नसला तरी चालेल, त्याच्याकडे गाडीची किल्ली हवी.